आधी हात, मग पाना

माझ्या हातावर फटका मारणारी माणसं आयुष्यात दोनच झाली. पहिली माझी आई. तापलेल्या तव्याकडं मी बोट नेलं म्हणून तिनं मारला, तो मी विसरूनही गेलो होतो. दुसरी माझीच एक विद्यार्थिनी. तिनं मारला तेव्हा माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि आजूबाजूला माझ्यासारखेच पिकल्या केसांचे दहा-बारा मास्तर बसलेले होते. तो फटका काही विसरता येत नाही. का, ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मी सरकारी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचो. नवी बॅच आली की पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही, फळ्यावर काही लिहायचं नाही, असा माझा शिरस्ता होता. वर्कशॉपमधलं जुनं इंजिन सकाळी लवकर येऊन अर्धा तास चालू ठेवायचो. पोरं आली की एकेकाचा हात धरून त्या इंजिनावर ठेवायचो. चटका बसेल अशा जागी नाही, सोसेल अशा जागी. पोरं दचकायची, एकमेकांकडं बघून हसायची. मग मी म्हणायचो, "झाली ओळख. आता एवढंच लक्षात ठेवा. आधी हात, मग पाना."

हे नुसतं बोलायला म्हणून नव्हतं. रेडिएटरच्या वरच्या पाइपाला हात लावला आणि खालच्याला लावला की आत पाणी फिरतंय की अडलंय ते कळतं. कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात धरला की इंजिन किती ओढतंय ते कळतं. वायर कुठं तुटली असेल तर ती डोळ्यानं शोधायची नाही, डोळे मिटून बोटानं शोधायची, कारण डोळा घाई करतो आणि बोट करत नाही. मला माझ्या उस्तादानं हेच शिकवलं होतं आणि मी ते पुढं दिलं. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज मराठवाडाभर पसरली आहेत. कुणाचं पैठण रोडला गॅरेज आहे, कुणी एसटीत आहे, बरीचशी वाळूजच्या कारखान्यांत पाळ्या करतात. कुणीही कुठंही भेटला तरी नमस्कार करून आधी हात पुढं करतो आणि म्हणतो, "सर, आधी हात." मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, गर्वच होता.

या गर्वापायी मी नव्या यंत्रांना फार नाकं मुरडली. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आले, तेव्हा म्हणालो, ठीक आहे, तोच घास आता चमच्यानं मोजून घालताहेत. डिकीत गॅसची टाकी आली, तेव्हा माझ्या स्वतःच्या गाडीला मीच किट बसवलं आणि वर्गात सांगितलं, चूल तीच, जळण बदललं. मग पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल मिसळायला लागले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या फुगायला लागल्या, त्याही मी पोरांना चिमटीत दाबून बघायला लावल्या. कंपन्यांनी गाडीच्या पोटात संगणक घातला आणि बिघाड सांगणारा स्कॅनर आला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. संस्थेला एक स्कॅनर मिळाला होता. तो मी कपाटात ठेवला, आणि कुणी मागितला की आधी विचारायचो, "हात लावून बघितलास का?"

कमी तेलात जास्त पळणारी इंजिनं मात्र मला मनापासून आवडायची. माणसानं आगीकडून जास्तीत जास्त काम करून घ्यावं आणि तिचा धूर कमीत कमी करावा, यात मला एक प्रकारची सभ्यता दिसते. मी स्वतः गाडी पन्नासच्या वर नेत नाही. बायको म्हणते, "बघा, रिक्षा पुढं गेली." मी म्हणतो, "जाऊ दे, तिला घाई आहे."

तर अशा माणसाला एक दिवस पत्र आलं. संस्थेत विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा कोर्स सुरू होणार, तेव्हा शिकवणाऱ्यांनी आधी वाळूजला एका प्रशिक्षण केंद्रात जाऊन तो शिकून यावा. मी फुगलेल्या तोंडानंच गेलो. वाटेत पाळीच्या बसेस ओळीनं उभ्या होत्या, आणि त्यातून उतरणाऱ्या गर्दीतला एक जण लांबूनच हात वर करून ओरडला, "सर, आधी हात!" मला बरं वाटलं. आत गेलो तर शिकवायला उभी होती ती माझीच जुनी विद्यार्थिनी.

तिच्या बॅचमध्ये ती एकटीच मुलगी होती. पहिल्या दिवशी सगळ्या पोरांचे हात धरून मी इंजिनावर ठेवले आणि तिच्यापाशी आल्यावर घुटमळलो. मुलीचा हात कसा धरायचा, लोक काय म्हणतील, असं काहीतरी डोक्यात आलं. म्हणालो, "तुझा तू ठेव." तिनं ठेवला. वर्षभर ती सगळ्यांत आधी यायची आणि सगळ्यांत शेवटी हात धुवायची, पण तो पहिला दिवस माझ्या मनात खुपत राहिला. आता ती पांढऱ्या कोटात उभी होती आणि सगळे तिला मॅडम म्हणत होते. मीही म्हणालो. ती म्हणाली, "सर, तुम्ही तरी मॅडम म्हणू नका." मी म्हणालो, "वर्गात आहोत तोवर म्हणणार."

टेबलावर एका विजेच्या गाडीचा पुढचा सगळा भाग उघडून ठेवला होता. इंजिन नाही, नळ्या नाहीत, सायलेन्सर नाही. बॅटरीतल्या विजेचं रूप बदलून ती मोटारीला पुरवणारी एक पेटी होती. तिचं झाकण काढलेलं, आत तांब्याच्या जाड पट्ट्या, आणि तिच्याकडं येणाऱ्या बोटाएवढ्या नारंगी केबली. ती समजावून सांगत होती. मी सगळ्यांत पुढं बसलो होतो. ही पेटी बरीच तापते असं ती म्हणाली, आणि किती तापते ते बघायला माझा हात आपोआप पुढं गेला. मी ठरवून नेला नाही. पाय जिना उतरतात तसा तो गेला.

ताडकन फटका बसला. मनगटावर, चांगला जोरात. पेटीपर्यंत हात पोचायला दोन बोटं उरली होती.

ती माझ्याकडं बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि उठून उभी राहिली ती परत शिकवणारी बाई होऊनच.

"सर, हे बंद आहे," ती म्हणाली. "प्लग काढलेला आहे, आत वीज नाही. पण ते मी सांगायच्या आधी तुम्ही हात घातलात."

मला राग आला होता. बंद असलेल्या वस्तूला हात लावला म्हणून एवढ्या लोकांत मार? पण ती पुढं सांगत गेली तसा राग उतरत गेला. या केबलींत घरातल्या विजेहून कितीतरी जोराची वीज असते, आणि ती अशी की पकडलेला हात सुटत नाही. एका हातातून शिरली आणि दुसऱ्या हातातून निघाली तर वाटेत छाती असते. म्हणून जवळ जाताना डावा हात खिशात. गाडीची चावी काढून लांब ठेवायची. छोटी बॅटरी सोडवायची. रबरी हातमोजे घालून मोठ्या बॅटरीचा प्लग उपटायचा आणि आपल्याच खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी लावणार नाही. मग दहा मिनिटं थांबायचं, कारण प्लग काढल्यावरही पेटीत वीज साठून राहते. मग हातमोजे घालूनच मीटर, आणि मीटरनं शून्य दाखवलं तरच हात. तिनं फळ्यावर काही लिहिलं नाही, पण ते मला लिहिल्यासारखंच दिसत होतं. माझा नियम तिनं मुळापासून उलटा केला होता.

अकरा वाजता चहाची सुट्टी झाली. मी बाहेर व्हरांड्यात येऊन फोन उघडला तर लासूर स्टेशनच्या माझ्या एका विद्यार्थ्याचा निरोप आलेला होता.

हा माझ्या सुरुवातीच्या बॅचचा. वडील टांगा चालवायचे, घरात दखनी उर्दू आणि बाहेर मराठी. हाताला याच्यासारखा दुसरा पोरगा मला मिळाला नाही. आता त्याची दाढी पांढरी झाली आहे आणि लासूरच्या बाजार समितीच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. लासूरला धान्याचा बाजार, त्यामुळं उंदीर मुबलक, आणि ते गाड्यांत शिरून वायरी कुरतडतात. त्या शोधण्यात याचा हात धरणारं कुणी नाही. डोळे मिटतो, वायरींच्या जुडग्यावरून बोटं फिरवतो आणि बरोबर कुरतडलेल्या जागी थांबतो. हे पाहायला लोक उभे राहतात. तो त्यांना सांगतो, "आमच्या सरांनी शिकवलं."

माझ्या जुन्या पोरांत आणखी एक रीत आहे. कुठल्याही नव्या तऱ्हेची गाडी पहिल्यांदा उघडायची असली की उघडण्याआधी मला कळवायचं. मी काही करत नाही, फक्त बरं म्हणतो. तेवढ्यासाठी ते फोन करतात. याचा निरोप बोललेला होता. "सलाम सर. आपल्याकडं पह्यली बिजलीची गाडी आली बगा. आडत्याची हाय. उंदरानं खाल्लीय वायर, तांबडा दिवा लागतोय. मालक लिलावात हाय, बाराच्या सुमाराला चावी घेऊन येतो म्हणला. तवा हात घालतो. दुवा करा."

खाली फोटो होता. उघडं बॉनेट, आत नारंगी केबल, तिच्यावर एका जागी दातांच्या खुणा. आणि त्या खुणेजवळ दाखवायला म्हणून ठेवलेलं त्याचं बोट. नखाच्या कडेला काळं असलेलं ते जाड बोट मी कुठंही ओळखलं असतं.

चहाचा कप मी कुठं ठेवला ते आठवत नाही. फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. मग आठवलं, की कामाच्या वेळी तो फोन उचलत नाही. टेबलाच्या खणात टाकून ठेवतो. कारण ते त्याला मीच सांगितलेलं होतं, हात गाडीत असला की कान फोनला लावायचा नाही. निरोप टाकला, "हात लावू नकोस." तो पोचला, पण कुणी पाहिला नाही. लासूरला दुसऱ्या कुणाचा नंबर माझ्याकडं नव्हता. त्याच्या गॅरेजच्या पाटीवर होता, तो याच फोनचा.

मी आत जाऊन तिला फोटो दाखवला. तिनं कपाटातून रबरी हातमोज्यांची जोडी आणि मीटर काढून माझ्या हातात दिलं. "सर, एक लक्षात ठेवा. गाडी चालू आहे की बंद, ते कानाला कळणार नाही."

साजापूरकडून आडव्या रस्त्यानं मी नाशिक रोडला लागलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ती गाडी ऐंशीवर नेली. मग नव्वद. इंजिन ओरडायला लागलं. ट्रक, उसाच्या गाड्या, लग्नाची एक जीप, सगळ्यांना मागं टाकत चाललो होतो आणि डोक्यात एकच चित्र होतं. तो डोळे मिटतोय. बोटं फिरवतोय. बोटं दातांच्या खुणेवर थांबतात, कारण तिथंच थांबायचं असतं. डोळे उघडे असते तर त्याला निदान तांबं चमकलेलं दिसलं असतं. डोळे मिटायला मी सांगितलं होतं.

मला फार भीती वाटत होती. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण त्या रस्त्यावर मी काय काय बोललो ते इथं लिहिणार नाही. एवढं मात्र सांगतो, की मी त्याच्यासाठी मागत होतो तितकंच स्वतःसाठीही मागत होतो. त्याला काही झालं असतं तर ते माझ्या हातून झालं असतं. मी तिथं नसतो, पण हात माझाच असता.

लासूरच्या अलीकडं तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. एरवी मी गाडी तिथल्या तिथं बाजूला घेतली असती, आणि न घेणाऱ्याला चार शब्द सुनावले असते. मी थांबलो नाही. बाजाराच्या तोंडाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती. तिच्या कडेनं गाडी घुसवली, शिव्या खाल्ल्या आणि गॅरेजच्या दारात ब्रेक मारला. बारा वाजून गेले होते.

पांढरी गाडी उभी होती. काचा वर केलेल्या, आणि आत मालक आडत्या ऐसपैस बसून फोनवर बोलत होता. बॉनेट उघडं. माझा विद्यार्थी वाकलेला. डावा हात टेकायला म्हणून गाडीच्या पत्र्यावर, उजवा हात आत, डोळे मिटलेले. त्याची बोटं केबलीवरून पुढं सरकत होती. माझ्या ब्रेकचा आवाज त्यानं ऐकला नाही, कारण तो कामात होता आणि कामात असला की तो काही ऐकत नाही.

हाक मारावी एवढा श्वास माझ्यात नव्हता. मी पोचलो आणि त्याच्या मनगटावर फटका मारला. जोरात.

तो दोन पावलं मागं गेला. डोळे उघडले, समोर मी. "सर?" म्हणाला, आणि पन्नाशीच्या त्या माणसानं मार खाल्लेला हात पाठीमागं लपवला. शेजारच्या चहावाल्याकडची माणसं उठून बघायला लागली. आडत्यानं काच खाली केली. "कोण हायेत हे?"

"गाडी चालू आहे!" मी ओरडलो.

"नाय सर, बंद हाय," तो म्हणाला. "आवाज कुठं हाय?"

मी आडत्याला एसी बंद करायला सांगितला, चावी मागितली. त्यानं कुरकुरत एसी बंद केला. तेव्हा गाडीच्या पोटातून येणारी एक बारीक गुणगुण थांबली. ती चालू होती हे आम्हाला दोघांनाही ती थांबल्यावर कळलं. माझा विद्यार्थी त्या गाडीकडं बघत राहिला. विजेच्या गाडीत मालक गारव्याला बसला म्हणजे सगळी गाडी जागी असते, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही सकाळपर्यंत नव्हतं.

भीती ओसरली की माणसाला संताप येतो. मी त्याला सगळ्यांच्या देखत झापायला लागलो. अक्कल आहे का, पोरंबाळं आहेत घरात, जी वस्तू माहीत नाही तिच्यात डोळे मिटून हात घालतोस, कुणी शिकवलं तुला हे असं...

आणि तिथंच मी थांबलो. तो खाली मान घालून उभा होता. उत्तर द्यायची त्याची इच्छा नव्हती, पण मी प्रश्न विचारला होता, आणि माझ्या प्रश्नाला गप्प बसलेलं मला चालत नाही हेही मीच शिकवलेलं.

"तुम्हीच, सर," तो हळू म्हणाला.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. त्यानं पाणी आणून दिलं, मार खाल्लेल्याच हातानं. मनगट लाल झालं होतं. मला त्याच्याकडं बघवेना.

नंतर मी त्याला शिकवलं. चावी लांब. छोटी बॅटरी. मोठ्या बॅटरीचा प्लग कुठं आहे ते शोधायलाच आम्हाला वेळ लागला. तो हातमोजे घालून काढला आणि त्याच्या खिशात ठेवला. डावा हात खिशात का, ते छातीवर बोट ठेवून दाखवलं. मी अगदी मास्तरासारखा बोलत होतो, आणि माझं ज्ञान त्याच्यापेक्षा फक्त दोन-अडीच तासांनी जुनं होतं. मग म्हणालो, "आता दहा मिनिटं थांबायचं."

"दहा मिंटं काय करायचं?"

"काही नाही. बसायचं."

हे त्याला सगळ्यांत अवघड गेलं. आम्ही चहा मागवला. आडत्या घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. मी म्हणालो, "मी तुला चुकीचं शिकवलं."

"नाय सर. तवा बरोबरच व्हतं ते."

"तेव्हा होतं. पण बदललं हे तुला सांगायला मी यायला पाहिजे होतो. मी कपाटाला कुलूप लावून बसलो."

त्यानं चहा संपवला आणि एकदम उठला. टेबलाचा खण उघडून फोन काढला. वेरूळला त्याच्या पुतण्याचं गॅरेज आहे, लेणी बघायला येणाऱ्या गाड्यांचं. तिथं आता विजेच्या गाड्या रोज येतात. पुतण्याला यानंच तयार केलेलं. "हां बेटा, सुन. नारंगी वायरीला हात लावू नको. कशालाच लावू नको. सर आलेत, मंग सांगतो. व्हय, आपले सर. पह्यले डावा हात खिशात घाल," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तो चिडून म्हणाला, "का म्हणून काय विचारतो, घाल म्हणलं ना!"

ते ऐकताना मला माझ्या सगळ्या बॅचेस आठवल्या. मी शिकवलेले, त्यांनी शिकवलेले, त्यांच्या हाताखालचे. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं आणि त्यानंतरही मी सुट्टीच्या दिवशी एकेक गॅरेज गाठत गेलो ते त्या दहा मिनिटांमुळं. पुष्कळ जण भेटले. काही जणांनी ऐकून घेतलं आणि मी वळल्यावर हसले असतील. पुष्कळ जणांचा ठावठिकाणा अजून लागलेला नाही. वर्कशॉपमधल्या त्या इंजिनावर पोरांचे हात मी अजून एक बॅच ठेवले, पण ती चार शब्दांची घोषणा पुन्हा केली नाही.

दहा मिनिटं झाली. हातमोजे घालून मी मीटर लावलं. शून्य आलं. तेव्हा त्यानं डोळे उघडे ठेवून जवळून केबल बघितली. दातांच्या खुणेत तांबं उघडं पडलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. तो सवयीनं टेपचं रीळ घेऊन आला. मी म्हणालो, "याला टेप चालत नाही. अख्खी केबल बदलावी लागते, आणि ती आपल्याकडं नाही." त्यानं रीळ परत खिळ्याला अडकवलं. आडत्याला सांगितलं, गाडी उचलून शहरात कंपनीच्या वर्कशॉपला न्या. आडत्या म्हणाला, "तुमच्यानं होत नाय म्हणा की." एवढं ऐकायची माझ्या विद्यार्थ्याला सवय नव्हती. तो फक्त म्हणाला, "व्हय, आज नाय होत." मला फार वाईट वाटलं. आणि त्याहून जास्त बरं वाटलं, कारण ते म्हणायला तो तिथं उभा होता.

गाडी उचलून नेल्यावर त्यानं नाक वर करून वास घेतला. "सर, तुमची गाडी उकळलीय."

मी विसरलोच होतो. तोवर ती निवली होती. त्यानं पाणी भरलं, म्हणाला, "चालू करा." मी आत बसून इंजिन चालू केलं. ते घरघरत राहिलं, आंधळ्यालाही कळेल इतक्या मोठ्यानं. काटा पुन्हा चढायला लागला. मी उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यानं बाह्या सरसावल्या, वाकला, आणि हात पुढं करता करता थांबला. माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

त्यानं वरच्या पाइपाला हात लावला, मग खालच्याला. डोळे मिटले. "वरचा तापलाय, खालचा गार हाय," तो म्हणाला. "थर्मोस्टॅट अडकलंय, सर." बरोबर होतं. मीही तेच सांगितलं असतं.

मग माझं लक्ष गेलं. त्याचा डावा हात खिशात होता. या जुन्या इंजिनाला त्याची काही गरज नव्हती. मी त्याला तसं सांगितलं नाही.